फ्रान्स ५७, भारत १४? सरकारी खर्चाचे टक्के शेजारी ठेवताना काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका चार्टमध्ये फ्रान्सचा सरकारी खर्च जीडीपीच्या ५७ टक्के, अमेरिकेचा ३७ आणि भारताचा १४ दाखवलाय, मग आपलं सरकार जगातल्या एकदम छोट्या सरकारांत मोडतं का, आणि मोडत असेल तर टॅक्स भरताना जीव का जातो. माझी बरीच वर्षं राज्याच्या बजेटच्या कामात गेली, त्यामुळे असले चार्ट दिसले की हात शिवशिवतात. उत्तर लांबणार आहे, पण हेच काम घाईत केलं की असले चार्ट तयार होतात.

आधी हे सांगतो की तिन्ही आकडे खोटे नाहीयेत. फक्त १४ हा बाकी दोघांच्या पंगतीतला नाही. फ्रान्सच्या ५७ मध्ये पॅरिसमधलं केंद्र सरकार, तिथल्या सगळ्या नगरपालिका आणि पेन्शन-आरोग्याचे सोशल सिक्युरिटी फंड हे सगळं एकत्र धरलंय. अमेरिकेच्या ३७ मध्ये फेडरल, स्टेट आणि काउंटी-सिटी सगळं आलं. भारताच्या १४ मध्ये मात्र फक्त दिल्ली आहे. २०२५-२६ चं केंद्राचं बजेट ५०.६५ लाख कोटींचं, त्या बजेटात धरलेला जीडीपी साधारण ३५७ लाख कोटींचा, भागाकार केला की १४.२ येतात. झालं, कोणीतरी हा आकडा उचलला आणि फ्रान्सच्या शेजारी नेऊन ठेवला. अमेरिकेचं फक्त फेडरल बघितलं तर तिथेही २०२४ मध्ये २३ च्या आसपासच होतं, म्हणजे खरी जोडी लावायची तर १४ समोर २३ ठेवा, ३७ नको.

हा घोळ बहुतेक वेळा कुठून येतो तेही सांगतो. वर्ल्ड बँकेच्या साइटवर 'एक्स्पेन्स, जीडीपीच्या टक्क्यांत' असा एक इंडिकेटर आहे, सर्च केलं की तोच वर येतो, सगळे तोच डाउनलोड करतात. तो मुख्यतः केंद्र सरकारपुरता असतो आणि त्यात रस्ते-इमारतींवरचा भांडवली खर्चही नसतो. जिथे राज्यं नाहीत, सगळा कारभार राजधानीतून चालतो, तो देश त्यात अवाढव्य दिसतो आणि भारत, अमेरिका, जर्मनी, कॅनडा असे फेडरल देश किरकोळ दिसतात. तुलना करायची तर आयएमएफच्या डेटाबेसमधला 'जनरल गव्हर्नमेंट' वाला, म्हणजे सरकारचे सगळे स्तर एकत्र धरणारा आकडा घ्यायचा, श्रीमंत देशांसाठी ओईसीडी या त्यांच्याच संघटनेचा. तिथे भारत २८-२९ च्या आसपास सापडतो.

आता १४ चे २८ होतात कसे हे जरा जवळून बघू, कारण इथे भलेभले फसतात. वाटतं की केंद्राचं बजेट अधिक सगळ्या राज्यांची बजेटं, केली बेरीज, संपलं. तसं केलं तर आकडा फुगतो. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेचं उदाहरण घ्या. ही केंद्रपुरस्कृत योजना, आपल्यासारख्या राज्यांना ६०:४० च्या प्रमाणात. शाळेवर १०० रुपये खर्च होणार असतील तर केंद्र ६० पाठवतं आणि आपल्या हिशोबात ६० खर्च टाकतं. राज्याकडे ते ६० अनुदान म्हणून जमेला येतात, राज्य त्यात स्वतःचे ४० घालतं आणि १०० खर्च दाखवतं. दोन्ही बजेटं जोडली की खर्च १६० दिसतो, शाळेत पोचले १००.

हे किती मोठं प्रकरण आहे बघा. २०२५-२६ मध्ये केंद्राने राज्यांकडे सगळं मिळून साधारण २५ लाख कोटी वळते करायचं धरलं होतं. त्यातले १४.२२ लाख कोटी हा करांमधला राज्यांचा वाटा, म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांच्या सूत्रातला. तो केंद्राच्या ५०.६५ मध्ये धरलेलाच नसतो, करातून आधीच बाजूला काढलेला असतो, म्हणून तो दोनदा मोजला जायचा प्रश्न येत नाही. उरलेले पावणेअकरा लाख कोटी, म्हणजे केंद्रपुरस्कृत योजना, वित्त आयोगाची अनुदानं, भांडवली कामांसाठीची ५० वर्षांची बिनव्याजी कर्जं वगैरे, हे मात्र दोन्हीकडे दिसतात. पावणेअकरा लाख कोटी म्हणजे जीडीपीचे जवळजवळ ३ टक्के. एवढी चूक निव्वळ बेरजेत होते, आणि मग टीव्हीवर कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की भारतात सरकार ३२ टक्के खर्च करतं.

महापालिका-जिल्हा परिषदांचं वेगळंच दुखणं आहे. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं, गोवा राज्याच्या बजेटच्या दुपटीहून जास्त. पण मुंबई म्हणजे देश नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासात सगळ्या महापालिकांचा महसूल मिळून जीडीपीच्या अवघा ०.६ टक्के निघाला. आयएमएफ भारतासाठी केंद्र आणि राज्यं एवढंच धरतं, स्थानिक संस्थांनी घरपट्टी-पाणीपट्टीतून स्वतः केलेला खर्च त्यात नीट येत नाही, आणि खरं सांगायचं तर आला असता तरी चित्र फार बदललं नसतं. उलट डेन्मार्कमध्ये सरकारी खर्चाचा साधारण दोन तृतीयांश भाग स्थानिक पातळीवर होतो. तिथे फक्त केंद्राचं बजेट बघितलं तर देश ओळखूच येणार नाही.

बरं, समजा आता सगळीकडे जनरल गव्हर्नमेंट घेतलं, दुबार मोजणी काढली. तरी ५७ टक्के याचा अर्थ फ्रान्सच्या अर्थव्यवस्थेचा ५७ टक्के भाग सरकार चालवतं असा होत नाही. हा गैरसमज अगदी शिकलेल्या माणसांतही पक्का बसलेला असतो. जीडीपी म्हणजे वर्षभरात देशात जी मूल्यवाढ झाली ती. सरकार शिक्षकाला पगार देतं तेव्हा ते जीडीपीत येतं. पण सरकार आजोबांना पेन्शन देतं तेव्हा काहीच उत्पादन होत नाही, पैसा एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि आजोबा त्या पैशाने भाजी आणतात तेव्हा ती खाजगी खपात मोजली जाते. सरकारी खर्चाच्या आकड्यात मात्र पगारही आहे, पेन्शनही आहे, सबसिडीही आहे आणि कर्जावरचं व्याजही आहे. म्हणजे वरचा आकडा एका पद्धतीने बनलेला, खालचा दुसऱ्या, आणि दोघांचा भागाकार आपण 'हिस्सा' म्हणून वाचतो. म्हणूनच हा 'हिस्सा' शंभराच्या वर जाऊ शकतो, पॅसिफिकमधल्या तुवालूसारख्या चिमुकल्या देशांत तो गेलेलाही आहे, कारण तिथे बाहेरून येणारी मदत आणि मासेमारीच्या परवान्यांचं उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या उत्पादनाच्या मानाने फार मोठं असतं.

फ्रान्समध्ये सरकार स्वतः जे पुरवतं, म्हणजे शाळा, पोलीस, दवाखाने, सैन्य वगैरे, ते जीडीपीच्या साधारण २३-२४ टक्के. ५७ मधला बाकीचा मोठा भाग ट्रान्सफरचा, म्हणजे लोकांच्या हातात नुसता दिलेल्या पैशाचा, त्यात एकट्या पेन्शनचेच जवळपास १४. भारतात हाच सरकारी खपाचा आकडा १०-११ टक्के आहे. म्हणजे ५७ विरुद्ध १४ असं वाचताना जी दरी दिसते ती सरकार प्रत्यक्ष काय चालवतं हे बघितलं की बरीच आटते. आपल्याकडची लाडकी बहीण घ्या, २०२५-२६ ला तिच्यासाठी ३६,००० कोटी धरलेले, राज्याच्या जीएसडीपीच्या, म्हणजे राज्यापुरत्या जीडीपीच्या, पाऊण टक्क्याच्या जवळपास. ती सुरू झाल्यावर महाराष्ट्राचा सरकारी खर्च तेवढा वाढला, पण त्या पैशासाठी सरकारने कुठे नवी शाळा उघडली नाही की नवा माणूस भरला नाही. योजना चांगली का वाईट हा विषय बाजूला ठेवा, ते भांडण वेगळं. टक्का वाढणं आणि सरकारचा व्याप वाढणं या दोन गोष्टी आहेत एवढंच म्हणतोय.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आता. हा टक्का मुळात काय मोजतो, तर किती पैसा सरकारच्या वहीतून फिरला ते. तेच काम वहीच्या बाहेरून झालं तर टक्का पडतो, लोकांच्या आयुष्यात फरक शून्य.

जर्मनी आणि स्वित्झर्लंड घ्या, शेजारी देश, राहणीमान सारखंच. जर्मनीचा टक्का ४८-४९, स्वित्झर्लंडचा ३२-३३. वाटतं की स्विस लोक काटकसरी आणि स्वावलंबी, जर्मन लोक सरकारच्या मागे लागलेले. आता पुण्याहून जर्मनीत नोकरीला गेलेल्या आपल्या एखाद्या पोराची पेस्लिप बघा. आरोग्य विम्याचे १४.६ टक्के अधिक वरचा अधिभार, पेन्शनचे १८.६, बेरोजगारी विम्याचे २.६, निम्मे कामगाराचे निम्मे मालकाचे, कामगाराचा वाटा थेट पगारातूनच कापला जातो. आरोग्य विम्याचा पैसा ज्या क्रांकनकासेंकडे, म्हणजे सक्तीच्या आरोग्य विमा संस्थांकडे जातो त्या सरकारी हिशोबात सोशल सिक्युरिटी फंड म्हणून मोजल्या जातात, म्हणून दवाखान्याचं बिल तिथे सरकारी खर्च. झुरिकला असलेल्या त्याच्या मित्राला आरोग्य विमा तितकाच सक्तीचा आहे, १९९६ पासून कायद्यानेच सक्ती आहे, पण तो खाजगी विमा कंपनीकडून घ्यायचा आणि दर महिन्याला बिल घरी येतं. कंपनी खाजगी, म्हणून तो हप्ता कर नाही आणि त्यातून झालेला इलाज सरकारी खर्च नाही. पेन्शनचा दुसरा स्तरही तसाच, सक्तीचा पण सरकारच्या वहीबाहेरच्या फंडांत. दोघांच्याही हातातून पैसा सक्तीनेच गेला, एकाच्या देशाचा टक्का वाढला, दुसऱ्याच्या देशाचा नाही. सगळा फरक एवढ्यानेच आलाय असं नाही, पण बराच आलाय.

सिंगापूर तर या खेळातला राजा. सरकारी खर्च कसाबसा १५-१८ टक्के, छोटं सरकार म्हणून सगळीकडे आरती ओवाळतात. पण ५५ वर्षांखालच्या कामगाराच्या पगाराच्या ३७ टक्के, २० त्याचे आणि १७ मालकाचे, सीपीएफ नावाच्या सक्तीच्या फंडात जातात, त्यातून घर, आजारपण आणि म्हातारपण भागतं. खात्यात त्याच्याच नावाने असल्यामुळे तो सरकारी खर्च नाही. आपला ईपीएफही त्याच जातीचा, फक्त आपल्याकडे संघटित क्षेत्रच लहान म्हणून परिणाम लहान.

करसवलतींचंही हेच. गावात प्रधानमंत्री आवासमधून घरकुल मंजूर झालं की सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, ते सरकारी खर्चात येतात, वर्तमानपत्रात 'अनुदान' म्हणून छापून येतात. शहरात होम लोन घेतलेला माणूस जुन्या करपद्धतीत राहत्या घरासाठी वर्षाला २ लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करतो, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर वर्षाला साठेक हजार रुपये वाचवतो, आणि हे वर्षानुवर्षं. तिजोरीला दोन्हीकडे खड्डा पडतो. पहिला खर्चात दिसतो, दुसरा फक्त महसूल कमी झाला म्हणून दिसतो, टक्क्यात त्याचं नावही नाही. अमेरिका हे फार मोठ्या प्रमाणावर करते, कंपन्या कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा भरतात त्यावर कर माफ. म्हणूनच ओईसीडी जेव्हा करसवलती आणि खाजगी सामाजिक खर्च हे सगळं धरून निव्वळ सामाजिक खर्चाची यादी काढतं, तेव्हा अमेरिका एकदम वर चढते, फ्रान्सच्या खालोखाल. कागदावरची 'खाजगी' अमेरिका आणि 'सरकारी' फ्रान्स तिथे शेजारी बसलेले दिसतात. उलट डेन्मार्क-स्वीडनमध्ये सरकार पेन्शन देतं आणि त्याच पेन्शनवर भरपूर कर परत घेतं, त्यामुळे त्यांचा टक्का आहे त्यापेक्षा जाड दिसतो.

वहीत काय घ्यायचं हे ठरवणं कधीकधी एका रात्रीत बदलतं. ब्रिटनमध्ये रेल्वेचे रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्था सप्टेंबर २०१४ ला सरकारी क्षेत्रात धरायला लागले, ३० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज सरकारी खात्यावर आलं, रूळ होते तिथेच. आपल्याकडे रेल्वे सरकारी खातंच आहे, २०१७ पासून वेगळं रेल्वे बजेटही राहिलं नाही, तरी तिचा डिझेल-वीज-पगाराचा तीन लाख कोटींच्या आसपासचा वार्षिक खर्च केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींत दिसत नाही, कारण तो तिकीट-मालभाड्याच्या उत्पन्नातून वजा करून दाखवायची पद्धत आहे. दिसतो तो फक्त भांडवली कामांसाठी केंद्राने दिलेला अडीच लाख कोटींचा पैसा.

आणि भारताचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे रेशनचं धान्य खरेदी करणारी सरकारी संस्था फूड कॉर्पोरेशन, म्हणजे एफसीआय. अनेक वर्षं केंद्र अन्न सबसिडीचा पूर्ण पैसा एफसीआयला देत नव्हतं, एफसीआय अल्पबचत निधीतून कर्ज काढून धान्य घ्यायचं आणि वाटायचं. धान्य वाटलं जात होतं, सबसिडी खरी होती, बजेटात मात्र ती पूर्ण नव्हती. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये सरकारने ही उधारी स्वतःच्या अंगावर घेतली. २०२०-२१ साठी मूळ अंदाज १.१५ लाख कोटींचा होता, सुधारित अंदाज ४.२२ लाख कोटींवर गेला आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त झाला. कोविडमधलं मोफत धान्य त्यात होतंच, पण मोठा भाग जुन्या थकबाकीचा. केंद्राचा एकूण खर्च २०१९-२० ला जीडीपीच्या १३.४ टक्के होता तो एका वर्षात १७.७ झाला. आलेख बघणारा म्हणेल सरकार अचानक उदार झालं. थोडं झालं होतं, थोडा जीडीपी आटला होता आणि थोडी वही साफ केली होती. मला विचाराल तर ते वही साफ करणं अलीकडच्या बजेटांतलं सर्वात कौतुकाचं काम होतं, आणि त्याचं कौतुक कोणीच केलं नाही.

खालचा आकडा, म्हणजे जीडीपी, तो तर याहून लबाड. आयर्लंडचा २०१५ चा जीडीपी एका वर्षात साधारण २५ टक्क्यांनी वाढला, कारण मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्या. सरकारी खर्चाचं प्रमाण ३७ वरून २९ वर आलं. डब्लिनमध्ये एकही नर्स कमी झाली नव्हती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला जीडीपीऐवजी वापरायला वेगळं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढावं लागलं. नॉर्वेचा टक्का २०२० ला ५८ च्या आसपास होता आणि २०२२ ला ४० च्या खाली, मधे काही सरकार बरखास्त झालं नाही, युक्रेन युद्धामुळे गॅसचे भाव भडकले आणि जीडीपी फुगला. म्हणून नॉर्वेवाले स्वतः तेल-गॅस वगळून 'मेनलँड' जीडीपी वापरतात. नायजेरियाने २०१४ ला जीडीपीचं पायाभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणलं आणि अर्थव्यवस्था एका दिवसात ८९ टक्क्यांनी मोठी झाली, म्हणजे सरकारी खर्चाचं प्रमाण बसल्या जागी जवळपास निम्मं. त्यामुळे एका वर्षाचा टक्का बघून मत बनवू नका, चार-पाच वर्षांची सरासरी घ्या आणि मोजायची पद्धत बदलून आकड्यांची मालिका कुठे तुटलीय का ते बघा.

परदेश कशाला, आपल्या घरातच बघा. महाराष्ट्राचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींचं, जीएसडीपी साधारण ४९ लाख कोटी, प्रमाण १४ टक्के. बिहारचं बजेट ३.१७ लाख कोटी, जीएसडीपी साधारण ११ लाख कोटी, प्रमाण २९ टक्के. (दोन्ही एकूण आकड्यांत कर्जाच्या मुद्दलाची परतफेडही आहे, आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती खर्च धरत नाहीत, पण इथे दोघांतही ती धरलेली असल्याने चालेल.) म्हणजे बिहारचं सरकार महाराष्ट्राच्या दुप्पट मोठं? दोन्ही राज्यांची लोकसंख्या १३ कोटींच्या आसपास धरा. महाराष्ट्र माणशी ५४ हजारांच्या आसपास खर्च करतो, बिहार २४ हजारांच्या. टक्क्यात बिहार दुप्पट, माणशी महाराष्ट्र दुपटीहून जास्त. बिहारच्या महसुलातला जवळपास तीन चतुर्थांश पैसा केंद्राकडून येतो, म्हणजे तो पैसा तयार झाला मुंबई-पुणे-बंगळुरूच्या जीडीपीत आणि खर्च होतो पाटण्यात, म्हणून त्यांचा वरचा आकडा बाहेरून भरलेला आणि खालचा स्वतःचा. तिथला प्राथमिक शिक्षक आणि इथला प्राथमिक शिक्षक यांच्या पगारात अर्थव्यवस्थेएवढी तफावत नसते, वर्गात मुलं कमी नसतात. गरीब राज्याला किमान सरकार चालवायलाच उत्पन्नाचा मोठा तुकडा लागतो.

देशांच्या बाबतीतही माणशी आकडा एकदा काढून बघावाच. भारताचा दरडोई जीडीपी २,७०० डॉलरच्या आसपास, त्याचे २८ टक्के म्हणजे साडेसातशे डॉलर. फ्रान्सचा ४६ हजारांच्या आसपास, त्याचे ५७ टक्के म्हणजे २६ हजार. टक्क्यात दुप्पट, डॉलरमध्ये पस्तीसपट. स्थानिक किमतींचा हिशोब धरून पीपीपीने केलं तर दरी बारापटीच्या आसपास येते, कारण इथे नर्सचा पगार तिथल्यापेक्षा खूप कमी. तरी बारापट म्हणजे काही थोडकी नाही.

आता मूळ प्रश्न, भारताचं सरकार छोटं का. आपल्या उत्पन्नाच्या पातळीवरच्या देशांत बसवलं तर अजिबात नाही. इंडोनेशिया १७-१८ च्या आसपास, बांगलादेश त्याहूनही खाली. आपल्याहून श्रीमंतांत चीन ३३ च्या आसपास, ब्राझील ४५ च्या पुढे. देश श्रीमंत होतो तसा हा टक्का वाढतो हे जर्मन अर्थतज्ज्ञ अडॉल्फ वॅग्नर एकोणिसाव्या शतकातच सांगून गेला, आणि आजच्या श्रीमंत युरोपातसुद्धा पहिल्या महायुद्धाआधी प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या घरातच होतं. त्या हिशोबाने गरीब असताना २८ हा आकडा भरीवच आहे. गोम त्याच्या आत आहे. केंद्राच्या ५०.६५ लाख कोटींतले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजाचे, म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे. राज्यांचं व्याज धरलं तर दोन्ही मिळून जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या पुढे. ते वजा करा, मग २८ चे २३ उरतात. फ्रान्सचं व्याज २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्यांचे ५५ उरतात. मी तुलना करताना नेहमी व्याज वगळूनच करतो, व्याज हा जुन्या सरकारांचा खर्च असतो.

टॅक्स जास्त का वाटतो याचं उत्तरही याच वहीच्या गोष्टीत आहे. केंद्र-राज्य मिळून आपला कर जीडीपीच्या १८ टक्क्यांच्या आसपास, फ्रान्सचा ४४-४५. पण इथला मध्यमवर्गीय माणूस इन्कम टॅक्स भरतो, प्रत्येक बिलावर जीएसटी भरतो आणि मग मुलाची फी खाजगी शाळेत भरतो, मेडिक्लेमचा हप्ता भरतो, सोसायटीत टँकरचं पाणी घेतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या आरोग्यखर्चाचा ३९ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून केला, सरकारचा आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. फ्रेंच माणूस जे कराच्या नावाने देतो त्यातलं पुष्कळसं आपण पावती न घेता देतो, आणि ते कुठल्याच चार्टमध्ये 'सरकारी' म्हणून येत नाही. त्यामुळे १८ टक्क्यांचा देश असूनही ज्याच्या पगारातून टीडीएस कापला जातो त्याला दोनदा भरल्यासारखं वाटतं, आणि त्याचं वाटणं चूक नाही.

एकाच देशाची काळाच्या ओघातली तुलना मला देशादेशांच्या तुलनेपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण वही तीच राहते. स्वीडनचा टक्का १९९३ च्या संकटात ६५ च्या वर गेला होता, आज तो ४९ च्या आसपास आहे, आणि त्या काळात तिथे मोफत शिक्षण किंवा सरकारी आरोग्यसेवा बंद पडलेली नाही. पेन्शनची रचना बदलली, बजेटला वरची मर्यादा घातली आणि अर्थव्यवस्था वाढली. 'वेल्फेअर स्टेट म्हणजे टक्का चढतच जाणार' असं म्हणणाऱ्यांना आणि 'टक्का उतरला म्हणजे सरकार गरिबांना विसरलं' असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण जड जातं.

तुमच्या चार्टबद्दल: भारतासमोरचे १४ खोडून २८ लिहा, खाली बारीक अक्षरात 'केंद्र आणि राज्यं मिळून' आणि वर्ष टाका, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेच्या फेडरल सरकारचं ऑक्टोबर ते सप्टेंबर हेही लिहा. बजेटचा मूळ अंदाज न घेता दोन वर्षांपूर्वीचे प्रत्यक्ष आकडे घ्या, अंदाज आणि प्रत्यक्ष यांत आपल्याकडे भरपूर अंतर पडतं. आयर्लंड असेल तर काढून टाका. सिंगापूर आणि स्वित्झर्लंडवर एकेक चांदणी मारून सक्तीच्या खाजगी हप्त्यांची तळटीप द्या. आणि जमलं तर शेजारी व्याज वगळलेला एक कॉलम करा, त्यात भारताचा नंबर कुठे जातो ते मलाही कळवा.